शंभर तासांचा हिशेब: एलॅक डेब्यू बी6.2 आणि स्पीकर ‘रुळण्या’चा प्रश्न

नव्या स्पीकरचा आवाज पहिल्या दिवशी आवडला नाही, तर दुकानातून हमखास एकच उत्तर मिळते: अजून त्यांचा ब्रेक-इन झालेला नाही, म्हणजे ते वाजून रुळलेले नाहीत, शंभर तास वाजवा आणि मग सांगा. काही वर्षांपूर्वी हे उत्तर मीही ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला. त्या वेळी घेतलेल्या जोडीचा वरच्या पट्टीतला आवाज कानाला टोचत होता, गायकाच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ शब्दांतून सुटे होऊन पुढे येत होते, आणि माल परत करण्याची मुदत होती 7 दिवसांची. रोज दोन तास ऐकणाऱ्या माणसाला शंभर तास पुरे करण्यासाठी 50 दिवस लागतात, हा साधा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. मुदत संपली, महिना उलटला, टोचणी होती तशीच राहिली आणि ती जोडी अखेर निम्म्याहून कमी किमतीत विकावी लागली. त्या कंपनीचे किंवा दुकानाचे नाव लिहिण्यात मला रस नाही, कारण तेच उत्तर देणारी दुकाने अनेक आहेत आणि ते उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो.

या वेळी एलॅक कंपनीचे डेब्यू बी6.2 घेतले तेव्हा मात्र मी आधीच ठरवले होते, की स्पीकर रुळतो म्हणजे नेमके काय होते आणि ते कानाला कळते का, हे याच जोडीवर तपासून पाहायचे. त्यामुळे हे परीक्षण दुहेरी आहे. त्यात या स्पीकरांबद्दलचे माझे मत आहे, आणि ते मत बनवताना मी शंभर तास का थांबलो व थांबून काय मिळाले, याची नोंदही आहे.

प्रश्न कशाचा आहे ते कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणाने चटकन समजते. नवी कोल्हापुरी चावते, आपण तिला तेल लावतो, आठ-पंधरा दिवस सोसतो आणि मग ती रुळते. या काळात चामडे मऊ होते हे खरे, पण पायाला घट्टे पडलेले असतात हेही तितकेच खरे. चपलेच्या बाबतीत यातला कोणता वाटा किती, हे विचारण्याची गरज पडत नाही, कारण चालता आले की काम झाले. स्पीकरच्या बाबतीत मात्र तो वाटा वेगळा काढावाच लागतो. बदल स्पीकरमध्ये होत असेल तर वाट पाहणे शहाणपणाचे आहे. बदल कानात होत असेल तर वाट पाहताना आपण फक्त न आवडणाऱ्या आवाजाची सवय करून घेत असतो, आणि तोवर परतीची मुदत निघून गेलेली असते.

आधी वस्तूविषयी. एलॅक ही जर्मनीतल्या कील शहरात 1926 साली सुरू झालेली कंपनी आहे आणि डेब्यू 2.0 ही तिची मालिका 2018 साली बाजारात आली. तिची रचना अँड्र्यू जोन्स यांची आहे. केईएफ, टॅड आणि पायोनियर या कंपन्यांसाठी त्यांनी आधी केलेले काम या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. बी6.2 मध्ये खालचे सूर वाजवणारा साडेसहा इंचांचा विणलेल्या अ‍ॅरामिड धाग्याचा वूफर आणि वरचे सूर वाजवणारा एक इंचाचा कापडी घुमटाचा ट्वीटर आहे, आणि दोघांमधली कामाची वाटणी 2200 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 2200 कंपनांच्या सुरावर होते. नाममात्र रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) 6 ओहम, संवेदनशीलता (ठरावीक विजेवर मिळणारा आवाज) 87 डेसिबल आणि खालची मर्यादा 44 हर्ट्झ असे आकडे कंपनी देते. एकेक पेटी साधारण साडेसात किलोची आहे, तिच्यावर काळे व्हिनाइल चढवलेले आहे आणि हवेचे भोक पुढच्या बाजूला आहे. ज्यांच्या घरात स्पीकर भिंतीपासून फार लांब ठेवता येत नाहीत त्यांच्यासाठी ही शेवटची गोष्ट सोयीची ठरते. खोक्यातून बाहेर काढताना पेटी हाताला भरीव लागते आणि बोटाच्या पेराने कडेला टकटक केली तर ती बद्द वाजते. पेटी अशीच वाजायला हवी.

आता ‘रुळणे’ कशाला म्हणतात ते पाहू. वूफरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, दोन ठिकाणी टांगलेला असतो. एक जागा बाहेरून दिसते, ती म्हणजे कडेची रबरी झालर. दुसरी आत, कोनाच्या मानेपाशी असते. ती घड्या पाडलेली, बहुधा पिवळसर किंवा काळी कापडी चकती असते आणि तिला स्पायडर म्हणतात. सुती किंवा मिश्र धाग्याचे कापड रेझिनमध्ये भिजवून, गरम साच्यात दाबून त्याला या गोल घड्या पाडतात. तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या अरुंद फटीत मधोमध धरून ठेवणे हे तिचे मुख्य काम असते. खळ दिलेली नवी साडी जशी पहिल्या घडीला कडक वाटते आणि एकदोनदा चुरगळली की सैल पडते, तसेच या चकतीचे होते. कोन पहिल्यांदा जोरात हलला, की धाग्यांना धरून ठेवलेल्या रेझिनला बारीक तडे जातात आणि चकती थोडी लवचीक होते. कोनाची नैसर्गिक कंपनसंख्या त्यामुळे खाली येते. हा बदल खरा आहे, मोजता येतो आणि स्पीकर बनवणारा कोणताही तंत्रज्ञ तो नाकारत नाही.

वाद सुरू होतो तो पुढच्या दोन प्रश्नांवर: याला किती वेळ लागतो, आणि तो ऐकू येतो का.

वेळेच्या प्रश्नाला साधी अंकगणिताची बाजू आहे. 50 हर्ट्झचा सूर वाजत असताना कोन सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. पाच मिनिटांत ही चकती 15 हजार वेळा वाकते, आणि शंभर तासांत 1 कोटी 80 लाख वेळा. जे रेझिन पहिल्या 15 हजार वाकण्यांत तडकले नाही, ते तितक्याच जोराच्या पुढच्या वाकण्यांत आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे तडकत राहील, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. किती वेळा वाकले यापेक्षा किती जोराने वाकले, याला इथे जास्त महत्त्व आहे. म्हणजे शंभर तास हळू आवाजात वाजवलेला स्पीकर दहा मिनिटे मोठ्या आवाजात वाजवलेल्या स्पीकरपेक्षा कमी रुळलेला असू शकतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि इथे थोडे तांत्रिक बोलण्यावाचून इलाज नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वूफर व पेटी यांच्या वागण्याचे जे गणित मांडले, त्यावर आजही पेट्या बनतात. त्यातल्या तीन राशी या चकतीच्या लवचीकपणावर अवलंबून असतात: वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या, त्याच्या कंपनाला बसणाऱ्या लगामाचा आकडा, आणि त्याच्या लवचीकपणाच्या बरोबरीचे हवेचे आकारमान. चकती सैल झाली की पहिल्या दोन राशी साधारण एकाच प्रमाणात खाली येतात आणि तिसरी वर जाते. पहिल्या दोघींचा भागाकार जवळजवळ आहे तिथेच राहतो, कारण तो कोनाचे वजन, चुंबकाचा जोर आणि तारेचा रोध यांवर ठरतो, आणि या गोष्टी वाजवल्याने बदलत नाहीत. त्यातच वूफर पेटीत बसवला की आतल्या हवेची स्प्रिंग त्याच्या पाठीशी उभी राहते आणि चकतीच्या सैलपणाचा परिणाम आणखी कमी होतो. भोकाच्या पेटीत तर सर्वांत खालचे सूर मुख्यतः भोकातली हवा पुरवते आणि तिचा सूर भोकाची लांबी-रुंदी व पेटीचे आकारमान यांनी ठरलेला असतो. सुटा वूफर टेबलावर ठेवून मोजला तर दिसणारा मोठा बदल पेटीत बसवल्यावर का विरघळतो, याचे उत्तर इथे आहे.

गणित असे सांगते, पण आपल्या खोलीत काय होते हे पाहिल्याशिवाय समाधान होत नाही. म्हणून दोन्ही पेट्यांच्या पाठीला कागदी पट्ट्या चिकटवून त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहिले. ‘अ’ वाजवायचा नाही, ‘ब’ शंभर तास वाजवायचा, असे ठरले. मोजमापासाठी मिनीडीएसपीचा यूमिक-1 हा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरले. रोधाचा आलेख काढण्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून 100 ओहमचा एक रेझिस्टर आणि चार क्रोकोडाइल क्लिपा आणल्या. चहाच्या खर्चात हे काम भागते. सुरुवातीलाच दोन्ही पेट्यांचे आलेख अगदी हळू आवाजात काढून ठेवले. ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण एकाच खोक्यातून निघालेल्या दोन पेट्याही जन्मतः हुबेहूब सारख्या नसतात, आणि तो फरक आधी नोंदवला नाही तर नंतर त्याचे श्रेय रुळण्याला दिले जाते.

भोकाच्या पेटीचा रोध आलेखावर दोन शिखरे आणि मध्ये दरी अशा आकारात दिसतो. वूफरची चकती सैल झाली तर शिखरे सरकतात. दरी पेटीच्या सुराची असल्यामुळे जवळपास जागेवर राहते. ‘ब’ वर पाच मिनिटे चांगल्या मोठ्या आवाजात पखवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवले आणि लगेच पुन्हा मोजले, तेव्हा वरचे शिखर सुमारे दीड हर्ट्झ खाली आलेले दिसले. रात्रभर विश्रांती दिल्यावर सकाळी त्यातले जवळजवळ निम्मे परत वर गेले होते. ताणलेली लवचीक वस्तू सोडल्यावर हळूहळू पूर्वपदावर येते, त्यातलाच हा प्रकार. पुढे कपड्यांच्या कपाटात गोधड्यांमध्ये कोंडून ‘ब’ रोज पाच तास वाजत राहिला. दहा तासांनंतर एकूण बदल दोन हर्ट्झच्या आसपास होता. शंभर तासांनंतरही तो तितकाच होता. मायक्रोफोन वूफरच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर धरून काढलेल्या आवाजाच्या आलेखात शंभर हर्ट्झच्या वर आधीची आणि नंतरची रेघ एकमेकींवर बसत होती; त्याच्या खाली फरक अर्ध्या डेसिबलच्या आत राहिला.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो ‘अ’ ने, म्हणजे ज्याला हातही लावला नव्हता त्या पेटीने. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी खोली गारठलेली असताना तिचा आलेख काढला आणि त्याच दिवशी दुपारी, ऊन आत आल्यावर, पुन्हा काढला. एकही गाणे न वाजवता तिचे शिखर सुमारे दीड हर्ट्झने सरकले होते. रबर आणि कापड थंडीत आखडते, उबेत सैलावते, इतकेच त्याचे कारण. म्हणजे शंभर तासांच्या श्रमाने ‘ब’ मध्ये जेवढा बदल झाला, साधारण तेवढाच बदल ‘अ’ मध्ये नाश्ता ते जेवण एवढ्या अवधीत होऊन गेला. सकाळचा स्पीकर आणि दुपारचा स्पीकर वेगळा वाजतो, असे म्हणताना मी आजवर कोणाला ऐकलेले नाही.

तरीही आलेख म्हणजे ऐकणे नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि माझे मामा नेमके तेच म्हणाले. मामा चाळीस वर्षे ख्याल गातात, त्यांचा तंबोरा मिरजेचा आहे, आणि त्यांच्या कानावर मी स्वतःच्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवतो. ते पहिल्या आठवड्यात एकदा आले होते तेव्हा ‘ब’ ऐकून म्हणाले, “अरे, डग्गा कोंडल्यासारखा वाजतोय, खर्जाला श्वास नाही.” तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आले आणि तोच स्पीकर ऐकून खूश झाले. “बघ, आता कसा मोकळा झालाय! नवं वाद्य उघडायला वेळ लागतोच.” त्यांच्या बोलण्यात गायकाचा अनुभव होता. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा आनंद त्यांनी पेढे वाटून साजरा केला होता. वाद्य कसे घडते हे त्यांना जवळून माहीत आहे. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीची घासणी जिच्यामुळे तार झंकारते, कारागीर हाताने काढतो, ती आपोआप उघडत नाही, एवढे त्यांच्याशी बोलून मी थांबलो आणि त्यांना एका चाचणीसाठी थांबवून घेतले.

चाचणी अशी केली. दोन्ही पेट्या सारख्या उंचीच्या स्टँडवर, पातळ सुती पडद्याआड, शेजारी शेजारी. अँप्लिफायरवर स्पीकरची निवड करण्याचा खटका आहे, त्यामुळे एकाच तंबोऱ्याचे आणि ठेक्याचे मोनो ध्वनिमुद्रण क्षणात इकडून तिकडे नेता येत होते. दोन्हींचा व्होल्टेज मल्टिमीटरने तपासून घेतला होता. मुद्रण मामांच्याच तंबोऱ्याचे होते, हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीत लावलेला, म्हणजे खर्जाच्या तारेचे मूळ कंपन सुमारे 69 हर्ट्झ. फरक असलाच तर तो याच भागात असणार. प्रत्येक फेरीआधी आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आत माझा मुलगा नाणे उडवायचा आणि काटा-छाप पाहून पेट्यांची अदलाबदल करायचा किंवा नाही करायचा. अदलाबदल करायची नसली तरी त्याने दोन्ही पेट्या उचलून परत ठेवायच्या, म्हणजे आवाजावरून आम्हाला सुगावा लागू नये, ही सूचना त्याचीच होती. साडेसात किलोच्या दोन पेट्या दोन संध्याकाळी मिळून त्याने बत्तीस वेळा उचलल्या, सोळा फेऱ्या माझ्यासाठी आणि सोळा मामांसाठी. आम्हाला सांगायचे होते ते एवढेच, की रुळलेला स्पीकर डावा की उजवा.

सोळापैकी निदान बारा उत्तरे बरोबर आली असती तर ती केवळ नशिबाने आली नाहीत, असे म्हणायला आधार मिळाला असता. माझी नऊ बरोबर आली, मामांची सात. डोळे मिटून नाणे उडवत बसलो असतो तरी एवढेच जमले असते.

मामा काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो या सगळ्या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न आहे: “मग तिसऱ्या आठवड्यात मी जे ऐकलं, ते काय होतं?” त्यांनी काहीतरी ऐकले होते यात शंका नाही, त्यांचा कान खोटा नव्हता. उत्तर शोधायला दोन दिवस लागले. पहिल्या आठवड्यात स्टँड आलेले नव्हते, म्हणून ‘ब’ टीव्हीच्या बुटक्या कपाटावर, भिंतीला चिकटून ठेवलेला होता. तिसऱ्या आठवड्यात तो ऐकण्यासाठी कपाटातून बाहेर काढला तेव्हा स्टँड आले होते आणि तो भिंतीपासून दोन फूट पुढे, कानाच्या उंचीवर होता. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचे खालचे सूर फुगतात, खोलीच्या कोपऱ्यात साचतात, आणि डग्ग्याचा घुमारा त्यात बुडतो. माझी खोली 12 फूट लांब आहे. एवढ्या लांबीत 47-48 हर्ट्झच्या आसपास आवाजाची एक ठरावीक लाट उभी राहते, आणि स्पीकर किंवा खुर्ची हातभर पुढे-मागे केली तर त्या भागात कित्येक डेसिबलचा फरक पडतो. रुळण्याने पडलेला अर्ध्या डेसिबलच्या आतला फरक त्यापुढे कुठेच नाही. मामांसमोर स्पीकर पुन्हा टीव्हीच्या कपाटावर ठेवला आणि डग्गा पुन्हा कोंडला. या वेळी पेटी होती ‘अ’.

जागेखेरीज आणखी काही गोष्टी रुळण्याच्या नावावर जमा होतात, आणि त्यांतली आवाजाची पातळी मला सर्वांत फसवी वाटते. आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिले आहे. नवी वस्तू हाताळताना पहिल्या दिवशी आपण जपून, हळू वाजवतो. पुढे धीर चेपतो, आवाज थोडा वाढतो आणि त्याबरोबर खर्जही भरल्यासारखा वाटतो. उष्णतेचाही वाटा आहे. जोरात वाजवताना व्हॉइस कॉइल तापते, आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. ती 50 अंशांनी तापली तर आवाज जवळपास दीड डेसिबलने घटतो आणि थंड झाली की परत येतो. हा चढउतार दर संध्याकाळी होत असतो आणि तोही शंभर तासांच्या बदलापेक्षा मोठा आहे.

आणि मग स्मरण आहे. आवाजाच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदांत पुसट होते, म्हणून तर चाचणीत खटका लागतो. तीन आठवड्यांपूर्वीचा खर्ज आज आठवतो असे जेव्हा आपल्याला वाटते, तेव्हा आपल्याला आठवत असते ते त्याविषयीचे आपले मत. डोळ्यांचा प्रभाव किती असतो हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये हार्मन कंपनीतल्या चाळीस श्रोत्यांवर तपासले होते. तेच चार स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना ऐकवले, तर गुण बदलले, आणि हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते. मग ज्याने स्वतःचे पैसे मोजून वस्तू घेतली आहे आणि जी पुढे सुधारेल असे ज्याला सांगितलेले आहे, त्याच्या कानाला ती सुधारलेली वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

रुळण्याला अजिबात अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जो माणूस सुटा वूफर विकत घेऊन त्याच्यासाठी पेटी बनवतो, त्याने मोजमाप घेण्याआधी वूफर मोकळा करून घ्यायलाच हवा, कारण त्याचे गणित सुट्या वूफरच्या आकड्यांवर उभे असते. मात्र ते करताना काही जण भोकाच्या पेटीत 20 हर्ट्झचा सूर रात्रभर वाजवत ठेवतात, ते टाळावे. पेटीच्या सुराच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही, तो अनावर हलतो आणि व्हॉइस कॉइल मागच्या लोखंडावर आदळू शकते. ट्वीटरच्या बाबतीत तर प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. त्याची नैसर्गिक कंपनसंख्या त्याला मिळणाऱ्या सुरांच्या बरीच खाली ठेवलेली असते, आणि तिथे थोडाफार बदल झाला तरी वरच्या सुरांची धार त्याने बोथट होत नाही. पहिल्या जोडीतली माझी टोचणी नेमकी ट्वीटरची होती. तिने शंभर तासांत निवळण्याचे कारणच नव्हते, हे आज समजते.

खरा दीर्घकालीन बदल पाहायचा असेल तर तो जुन्या स्पीकरमध्ये दिसतो. ज्यांची झालर फोमची आहे ते स्पीकर काही वर्षांनी किनाऱ्याच्या दमट हवेत कुजू लागतात, बोट लावले तर फोमचा चिकट भुगा हाताला येतो आणि वूफर खरखरू लागतो. मुंबईतल्या, कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत हे पुष्कळ पाहायला मिळते. बी6.2 ची झालर रबरी आहे, म्हणून त्या भागातल्या वाचकांनी ही गोष्ट जमेच्या बाजूला धरावी.

आता या स्पीकरांबद्दल. मला ते मनापासून आवडले, आणि पहिल्या तासापासून आवडले. माणसाचा आवाज ते सरळ, रंग न चढवता समोर ठेवतात. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या कळतात आणि तरीही एकमेकींत मिसळलेल्या राहतात; ख्याल ऐकणाऱ्याला यापेक्षा मोठी कसोटी नको. पखवाजाची थाप पोटात जाणवते, एवढ्या आकाराच्या पेटीकडून मी तेवढी अपेक्षा ठेवली नव्हती. 87 डेसिबल आणि 6 ओहम हे आकडे पाहता अगदी लहान अँप्लिफायरवर ते मोकळे होणार नाहीत. चॅनेलमागे निदान चाळीस-पन्नास वॉटचा, 4 ओहमचा भार पेलणारा अँप्लिफायर असावा. पेटी खोल आहे, तेव्हा पुस्तकांच्या फळीवर ठेवण्याचा विचार असेल तर आधी फळी मोजावी. व्हिनाइलचे रूप साधे आहे आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी ज्यांना लाकडी पेटी हवी, त्यांना ते पसंत पडणार नाही. मी पैसे आतल्या कामाचे दिले, असे मानतो.

विकत घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की कोणतेही नवे स्पीकर आणले की पहिल्याच संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे, शेजाऱ्यांची क्षमा मागून, चांगल्या मोठ्या आवाजात खर्जाचे काहीतरी वाजवा. जे रुळायचे आहे त्यातले बहुतेक त्यात रुळून जाईल. मग परतीच्या मुदतीचे उरलेले दिवस जागा बदलण्यात घालवा: भिंतीपासून एक फूट, दोन फूट, ट्वीटर कानाच्या उंचीवर, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवून. यातून आवाज जमला नाही तर पावती शोधा आणि मुदत संपण्याआधी दुकान गाठा. तिथे शंभर तासांची गोष्ट निघाली तर मुदत शंभर तासांच्या हिशेबाने, म्हणजे 50 दिवसांनी, वाढवून लेखी द्यायला सांगा. हे मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. ज्यांचा आपल्या म्हणण्यावर विश्वास आहे, ते लिहून देतील.

आता दोन्ही पेट्या स्टँडवर आहेत आणि मामा दर रविवारी येतात. डाव्या बाजूला ‘अ’ आहे की ‘ब’, हे पाहायला मला अजूनही मागे वाकून कागदी पट्टी वाचावी लागते.